खाडा पडल्यानंतरचा दिवस

दिवाळी झाली आणि आमच्या गटातले नाना टेकडीवर यायचे थांबले. आम्ही सात जण. पहाटे पावणेसहाला पुण्यातल्या तळजाईच्या पायथ्याशी वडाखाली जमायचं, वर चढायचं, झाडीतून एक फेरी मारायची आणि साडेसातच्या आत घरी. नाना बँकेतून निवृत्त झालेले, गटातले सगळ्यांत वक्तशीर. दिवाळीत पाहुणे आले म्हणून चार खाडे पडले. पाचव्या दिवशीही ते आले नाहीत, आणि पुढे तीन आठवडे आलेच नाहीत.

आम्ही स्वस्थ बसलो नव्हतो. व्हॉट्सॲपवर रोज सकाळी नानांसाठी फुलं, दंडाच्या बेटकुळ्या, उगवता सूर्य. ‘नाना, तुम्हाला नक्की जमेल!’ ‘चला नाना, हार मानायची नाही!’ निळ्या खुणा उमटायच्या, म्हणजे नाना वाचत होते. उत्तर मात्र यायचं नाही.

त्यांना परत आणलं ते गटात सगळ्यांत हळू चालणाऱ्या मावशींनी. मावशींचे गुडघे दुखतात, त्या नेहमी मागे राहतात. त्यांनी एका संध्याकाळी नानांना फोन केला आणि एवढंच म्हणाल्या, “अहो नाना, चढताना अंधार असतो. तुम्ही बरोबर असायचात तेव्हा मला धीर असायचा.” दुसऱ्या दिवशी पावणेसहाला नाना वडाखाली हजर.

इतक्या शुभेच्छांनी जे झालं नाही ते एका फोनने कसं झालं, हा प्रश्न मला सोडेना. या विषयावरचं संशोधन मी वाचायला घेतलं ते त्या फोनमुळे.

आधी खाड्याबद्दल. हा शब्द मला फार आवडतो. दूधवाल्याच्या हिशोबात, कॅलेंडरच्या चौकोनात तो राहतो. ‘बारा तारखेला खाडा’ असं लिहिलं की झालं. त्यात कुणावर ठपका नसतो, नुसती नोंद असते. पण व्यायामाच्या बाबतीत आपण खाडा म्हणत नाही, ‘नेम मोडला’ म्हणतो. मोडलेली वस्तू टाकून देण्याकडेच आपला कल असतो.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना एकेक छोटी गोष्ट रोज करायला सांगितली होती. कुणी जेवताना फळ खायचं ठरवलं, कुणी रात्रीच्या जेवणाआधी पंधरा मिनिटं धावायचं. ती गोष्ट किती आपोआप होऊ लागली आहे, याची ते बारा आठवडे नोंद करत होते. २०१० साली छापून आलेल्या या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला लागलेला काळ मधल्या माणसासाठी ६६ दिवस निघाला, आणि वेगवेगळ्या माणसांसाठी १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. ‘एकवीस दिवसांत सवय’ हे जे सर्रास सांगितलं जातं, त्याला या आकड्यांत आधार नाही. मला त्याहून मोलाची वाटली ती दुसरी नोंद: एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्याच्या प्रक्रियेत फारसा फरक पडला नाही. शरीर आणि मेंदू एक खाडा सहज पोटात घालतात.

घोळ होतो तो मनात. १९७५ मध्ये पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी एक प्रयोग केला. काही स्त्रियांना आधी मिल्कशेक प्यायला दिला आणि नंतर आइस्क्रीम हवं तेवढं खायला सांगितलं. एरवी खाण्यावर ताबा ठेवणाऱ्या स्त्रियांनी मिल्कशेक प्यायल्यावर आइस्क्रीम कमी खायला हवं होतं. त्यांनी उलट जास्त खाल्लं. पथ्य मोडलंच आहे, मग आता कशाला आवरायचं, असा हा हिशोब. नानांच्या चार खाड्यांचे तीन आठवडे झाले ते याच वाटेने. पुढे ते मला म्हणाले, “पाचव्या दिवशी पाय निघत होता, पण तोंड दाखवायला लाज वाटत होती.”

म्हणजे खाड्याच्या दिवशी काही बिघडत नाही. जे बिघडायचं ते दुसऱ्या दिवशी बिघडतं. आणि तो दुसरा दिवस सावरणं माणसाला एकट्याने जड जातं.

पण सोबतीने काम सावरतंच असंही नाही. मॅक्स रिंगेलमान या फ्रेंच शेतकी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून त्यांचा जोर मोजला होता. १९१३ मध्ये प्रसिद्ध झालेले त्याचे निष्कर्ष रस्सीखेच खेळलेल्या कुणालाही पटतील: माणसं वाढली की दर माणशी जोर कमी होत जातो. थोडा तोल चुकतो आणि थोडा हात सैल पडतो. एवढे जण ओढताहेत, माझ्या ओढण्याने असा काय फरक पडणार? चाळीस जणांच्या ‘फिटनेस’ गटात माणसं हळूहळू दिसेनाशी होतात, त्यामागे हेच असावं असं मला वाटतं. तिथे कुणी आलं नाही तर कुणाचं काही अडत नाही.

याच्या नेमकं उलट चित्र १९२० च्या दशकात बर्लिनमध्ये दिसलं. मानसशास्त्रज्ञ ओटो क्योलर यांनी तिथल्या नौकानयन मंडळाच्या गड्यांना जड दांडा हाताने वर-खाली करायला लावला. आधी एकेकट्याने, मग दोघांनी मिळून दुप्पट वजनाचा. दोघांतला एक थकला की वजन दुसऱ्याला पेलणार नाही, डाव तिथेच संपणार. अशा जोडीत जो कमजोर होता तो एकट्याने टिकला असता त्याहून जास्त वेळ टिकला. दोघांच्या ताकदीत थोडी तफावत असेल तेव्हा हा परिणाम सर्वांत ठळक दिसला. दोघे अगदी तुल्यबळ असले किंवा फारच विजोड असले, तर तो ओसरला. तालमीत वस्ताद पोराला कोणाशी लढवायचं हे पाहूनच ठरवतात, त्यातला शहाणपणा हाच.

मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या डेबोरा फेल्ट्झ, ब्रँडन आयर्विन आणि नॉर्बर्ट कर यांनी क्योलरचा धागा पुन्हा उचलला. २०१२ मधल्या त्यांच्या एका अभ्यासात तरुण स्त्रिया एका जागी उभ्या असलेल्या व्यायामाच्या सायकलवर पाय मारत होत्या. काही एकट्या. काहींना पडद्यावर दुसऱ्या खोलीतली जोडीदारीण दिसत होती, जी त्यांच्याहून थोडी सरस आहे असं त्यांना सांगितलं होतं. तिसऱ्या गटाला शिवाय असं सांगितलं होतं की दोघींपैकी जी आधी थांबेल तिची वेळ हाच दोघींचा गुण. एकट्या स्त्रिया सरासरी साडेदहा मिनिटांच्या आसपास टिकल्या, जोडीदारीण दिसणाऱ्या सुमारे वीस मिनिटं, आणि जिच्या थांबण्यावर जोडीचा गुण ठरणार होता त्या जवळपास बावीस. पडद्यावरची जोडीदारीण खरं तर आधीच चित्रित करून ठेवलेली होती. तरीही ‘माझ्यामुळे तिचं नुकसान नको’ ही भावना पायांत उतरली.

याच मंडळींचा पुढच्या वर्षीचा अभ्यास वाचताना मी थबकले. या वेळी व्यायाम होता प्लँकचा, म्हणजे कोपरांवर आणि पायाच्या बोटांवर शरीर तोलून धरायचं. जोडीदार पुन्हा थोडा सरस. एका गटात तो गप्प होता. दुसऱ्या गटात तो ‘चल, जमेल तुला’ अशा शब्दांत हुरूप देत होता. जोडीदार असणारे दोन्ही गट एकट्या माणसांपेक्षा जास्त टिकले, पण गप्प जोडीदाराबरोबरची माणसं हुरूप मिळालेल्यांपेक्षाही जास्त टिकली. आपल्याहून सरस माणसाने ‘जमेल तुला’ म्हटलं की ऐकणाऱ्याला ‘तुला जमत नाहीये’ असंही ऐकू येऊ शकतं, असा एक अर्थ संशोधकांनी लावला.

हे वाचून मला नानांना पाठवलेली सगळी फुलं आठवली. आमच्या मनात खोट नव्हती. पण आमच्या प्रत्येक संदेशात नाना पडलेले होते आणि आम्ही उभे होतो. मावशींच्या फोनमध्ये नाना उभे होते, आणि त्यांची गरज होती.

कौतुक वाईट असतं असं मी म्हणत नाही. ‘आज तुम्ही न थांबता मंदिरापर्यंत आलात’ यात काय घडलं ते सांगितलेलं असतं, आणि ते ऐकून कुणाचीही छाती फुगते. ‘रोज असंच यायला हवं हं’ हे जोडलं की त्याच कौतुकाला हुकमाची चव येते. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांचं कित्येक दशकांचं काम या फरकाभोवती फिरतं. आपण हे आपणहून करतो आहोत, आपल्याला ते येतं आहे आणि आपली माणसं सोबत आहेत, या तीन गोष्टींवर माणसाची आतली ओढ टिकते असं ते सांगतात. पहिली दुखावली तर उरलेल्या दोन फार वेळ तग धरत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

मित्रांचा परिणाम नक्की किती, हे मोजणं अवघड आहे. धावणाऱ्याचे मित्र धावतात, हे त्याच्यामुळे की मुळात आवड सारखी म्हणून मैत्री झाली? सिनान अरल आणि क्रिस्टोस निकोलाइड्स यांनी २०१७ मध्ये या कोड्यावर पावसाचा उपाय केला. त्यांच्यासमोर सुमारे ११ लाख धावपटूंची पाच वर्षांची नोंद होती. समजा एक मित्र नागपूरला आणि दुसरा पुण्यात. नागपुरात धो धो पाऊस पडला म्हणून तिकडचा धावला नाही. पुण्यात लख्ख ऊन असूनही इकडचा कमी धावला, तर त्याला दुसरं कारण उरत नाही. अशा लक्षावधी जोड्या तपासल्यावर दिसलं की मित्र एक किलोमीटर जास्त धावला तर आपण त्याच दिवशी सुमारे तीनशे मीटर जास्त धावतो. जास्त धावणाऱ्यांवर कमी धावणाऱ्यांचा परिणाम झाला. उलट दिशेने तो दिसला नाही. मागचा माणूस जवळ येताना दिसला की पुढच्याचे पाय उचलतात. आणि पुरुषांवर स्त्री-पुरुष दोघांचाही परिणाम झाला, स्त्रियांवर मात्र फक्त स्त्रियांचा.

शेवटच्या मुद्द्यापाशी मी रेंगाळते. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात आलेल्या अंदाजानुसार २०२२ साली भारतातल्या जवळपास निम्म्या प्रौढांच्या शरीराला पुरेशी हालचाल नव्हती. पुरुषांत हे प्रमाण सुमारे ४२ टक्के, स्त्रियांत ५७. मावशींना गुडघे आडवे येत नव्हते, अंधार आडवा येत होता. बायकांच्या व्यायामाबद्दल बोलताना इच्छाशक्तीवर व्याख्यानं देण्याआधी रस्त्यावर दिवा आणि बरोबर एक माणूस आहे का, हे विचारलं पाहिजे.

मावशींमुळेच आम्ही आणखी एक गोष्ट बंद केली: रोज रात्री पावलांचे आकडे गटावर टाकणं. दहा हजारांची रेघ आमच्या सगळ्यांच्या डोक्यात पक्की होती. हा आकडा कुठल्या दवाखान्यातून आलेला नाही. टोकियो ऑलिम्पिकनंतर, १९६५ मध्ये जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र विक्रीला आलं, त्याचं नाव ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. नाव लक्षात राहण्याजोगं होतं, ते राहिलं. २०१९ मध्ये आय-मिन ली यांच्या चमूने १६,७४१ वयस्क स्त्रियांचा अभ्यास मांडला; त्यांचं सरासरी वय ७२ होतं. दिवसाला सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्या स्त्रियांच्या तुलनेत ४,४०० चालणाऱ्या स्त्रियांमध्ये अभ्यासाच्या काळात मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी होतं, आणि साधारण ७,५०० पावलांनंतर हा फरक आणखी वाढत नव्हता. मावशींची पाच हजार पावलं आमच्या यादीत रोज तळाला दिसायची. त्या पावलांचं खरं मोल आमच्या यादीला कळतच नव्हतं.

नोंद ठेवणं मात्र सोडलं नाही, कारण ती उपयोगी पडते. १३८ अभ्यास एकत्र करून २०१६ मध्ये काढलेल्या निष्कर्षानुसार प्रगतीवर लक्ष ठेवल्याने उद्दिष्ट गाठायला मदत होते, आणि ती नोंद लिहून ठेवली किंवा चारचौघांना सांगितली तर जास्तच. म्हणून आता गटावर फक्त ‘आले’ किंवा ‘खाडा’ एवढंच पडतं.

अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅममध्ये, जिथे १९४८ पासून हृदयविकाराचा प्रसिद्ध अभ्यास चालू आहे, ९४ कुटुंबांतल्या २०० जणांना घेऊन एक खेळ रचला होता. रोज घरातल्या एकाचं नाव चिठ्ठी काढावी तसं निवडलं जाई. त्याने आपली पावलं पूर्ण केली नाहीत तर सगळ्या घराचे गुण जात. बारा आठवड्यांत या कुटुंबांतल्या माणसांनी ५३ टक्के दिवस उद्दिष्ट गाठलं, खेळात नसलेल्यांनी ३२ टक्के दिवस. पुन्हा तेच: आज माझ्यावर कुणाचं तरी काही अवलंबून आहे.

आणि शेवटी मला हवा होता तो अभ्यास सापडला. २०२१ मध्ये ‘नेचर’मध्ये केटी मिल्कमन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एका व्यायामशाळा-साखळीच्या ६१,२९३ सदस्यांवर एकाच वेळी ५४ वेगवेगळ्या चार आठवड्यांच्या योजना तपासल्या. आठवणीचे संदेश, बक्षिसं, तऱ्हेतऱ्हेच्या युक्त्या. यातली कुठली योजना चालेल हे जाणकारांना आधी विचारलं होतं, त्यांचे अंदाज चुकले. सगळ्यांत सरस ठरली ती योजना सलग हजेरीला बक्षीस देणारी नव्हती. एखादा दिवस चुकल्यावर जो परत येईल, त्याला अगदी किरकोळ, काही सेंट किमतीचे जास्तीचे गुण मिळत. या योजनेत व्यायामशाळेतल्या फेऱ्या सुमारे २७ टक्क्यांनी वाढल्या. चार आठवडे संपल्यावर मात्र बहुतेक योजनांचा परिणाम विरला; तो मोजण्याइतका टिकला फक्त ८ टक्के योजनांमध्ये. योजना संपते, तिला मुदत असते. वडाखालच्या माणसांना मुदत नसते, म्हणून मला त्यांचा भरवसा जास्त वाटतो.

नाना परत आले त्या पहाटे कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मावशींनी आपली विजेरी त्यांच्या हातात दिली, ते दोघं पुढे झाले आणि आम्ही पाच जण मागून चढलो. वर पोहोचल्यावर नानांना धाप लागली होती, म्हणून सगळेच थोडं जास्त वेळ बसलो. तेव्हापासून आमच्यात कुणाचाही खाडा पडला की त्या संध्याकाळी गटावर एकच ओळ जाते, कधी नाना लिहितात, कधी मी: ‘उद्या पावणेसहा, वडाखाली. विजेरी तुमच्याकडे.’