जुन्या लाकडी वस्तूंची डागडुजी (सातारा–सांगली परिसर)

वापरून झिजलेली, मोडलेली किंवा भिजलेली लाकडी वस्तू तिचे मूळ लाकूड, सांधे आणि जमेल तितके जुने पॉलिशही राखून पुन्हा वापरात आणणे, याला डागडुजी म्हणतात. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत पाट, चौरंग, देव्हारे, पाळणे, झोपाळ्याच्या फळ्या, काठवटी, धान्याच्या पेट्या आणि माजघरातली फडताळे अजून घरोघरी सापडतात. वाईजवळ मेणवलीला नाना फडणिसांचा वाडा आहे. तिथले खांब आणि तुळया पाहिल्या की कृष्णाकाठच्या घरबांधणीत लाकडाला केवढे स्थान होते ते कळते. मोठ्या वाड्यांकडे अभ्यासकांचे लक्ष जाते. घरातला चौरंग मात्र पाय हलू लागताच माळ्यावर जातो आणि पुढे भंगारात. खरे तर त्यातले बहुतेक चौरंग दोन-चार हत्यारांनी घरीच नीट करता येतात.

लाकूड आणि हवा : या भागात डागडुजीचा विचार ओलाव्यापासून सुरू करावा लागतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाचशेच्या आगेमागे. सांगलीच्या पूर्वेकडचे आटपाडी आणि जतही तसेच कोरडे. लाकूड हवेतला ओलावा घेते आणि सोडते. त्याबरोबर ते रुंदीत फुगते किंवा आकसते. लांबीत मात्र जवळजवळ फरक पडत नाही. वलयांच्या कडेने होणारे आकसणे गाभ्यापासून सालीकडे होणाऱ्या आकसण्याच्या साधारण दुप्पट असते, म्हणून फळी वाळताना वाकते. पावसाळी पाटणकडचे कपाट कोरड्या जतला नेले की उन्हाळ्यात फळ्यांत फटी पडतात, त्याचे कारण हेच. आषाढात दार अडकले म्हणून लगेच रंधा मारू नये. तेच दार चैत्रात चौकटीत खुळखुळू लागते आणि काढलेले लाकूड परत बसवता येत नाही.

पुरात भिजलेले लाकूड : ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. घराघरांतले सामान कित्येक दिवस पाण्यात राहिले. प्लायवूडचे थर सुटले, भुसा दाबून केलेल्या फळ्यांचा (पार्टिकल बोर्डचा) लगदा झाला. भरीव सागवान मात्र बहुतांशी वाचण्याजोगे होते. त्यातले बरेचसे नंतर उन्हात वाळवताना फुटले. भिजलेल्या वस्तूवरचा गाळ ओला असतानाच स्वच्छ पाण्याने धुवावा, कारण वाळलेली माती सांध्यांत घट्ट बसते. मग वस्तू सावलीत, चारी पाय विटांवर ठेवून, वारा खेळेल अशी उभी करावी. खण निघत असतील तर काढावेत, अडकले असतील तर ओढाताण न करता तसेच राहू द्यावेत. लाकूड वाळले की ते आपोआप सैल होतात. जाड लाकडाला उघड्यावर वाळायला इंचाला सुमारे एक वर्ष लागते असा जुना अंदाज आहे. पूर ओसरल्यावर महिन्याभरात पॉलिश करून घेणे म्हणजे ओलावा आत कोंडणे.

तपासणी : वस्तूखाली पिठासारखा बारीक भुसा पडत असेल तर भुंगेरा अजून आत आहे, भोके जुनी, काळपट आणि कोरडी असतील तर बहुधा तो गेलेला असतो. सागाच्या गाभ्याला कीड सहसा लागत नाही, ती बाहेरच्या फिकट लाकडात शिरते. किडीवर द्यायचे बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचे पाण्यातले द्रावण कोऱ्या लाकडात मुरते, पॉलिशवरून दिले तर नुसते ओघळते. म्हणून ते आतल्या आणि खालच्या, पॉलिश नसलेल्या बाजूंना द्यावे. खिळ्याभोवतीचा काळा डाग ही बहुतेक वेळा कीड नसते: लोखंड, ओल आणि लाकडातले टॅनिन (तुरट द्रव्य) यांच्या संयोगातून तो होतो. बाभळीत टॅनिन भरपूर असल्याने तिच्यावर हा डाग ठळक दिसतो. ऑक्झॅलिक ॲसिडच्या सौम्य द्रावणाने तो उतरतो. ते विषारी असल्याने हातमोजे घालावेत आणि नंतर लाकूड दोनदा पाण्याने पुसावे.

सांधे : हलणाऱ्या पायाला खिळा ठोकणे हा या भागातला सर्वांत सार्वत्रिक उपाय आणि सर्वांत वाईटही. खिळ्याने कुसू, म्हणजे भोकात बसणारे पायाचे टोक, चिरते, मग तो सांधा पुन्हा धरत नाही. जुन्या वस्तूंत सरस (जनावरांच्या कातड्या-हाडांचा गोंद) वापरलेला असतो आणि सरस ऊब व ओल मिळाली की सैल पडतो. गरम पाण्यात भिजवून पिळलेले फडके सांध्याभोवती गुंडाळून ठेवावे, अधूनमधून बदलावे, मग आड लाकडाचा तुकडा धरून मोगरीने (लाकडी हातोड्याने) हलकेच ठोकावे. पाय निघाला की कुसवावरचा आणि भोकातला जुना सरस पटाशीच्या पाठीने खरवडावा. लाकूड तासू नये. कुसू झिजून सैल झाले असेल तर त्याच्या गालांवर रंध्याचा लांब, पातळ सालपट सरसाने चिकटवावा आणि वाळल्यावर भोकात दाबून बसेल एवढाच घासावा. सागाच्या अंगचे तेल चिकटू देत नाही, म्हणून आधी स्पिरिटने पुसून घ्यावे. नंतर शिकंजा आवळून रात्रभर ठेवावे. शिकंजा नसेल तर दोरी गुंडाळून मध्ये काठीने पीळ दिला तरी चालते. रोजच्या खुर्चीला फेविकॉल पुरतो, पण आजी-पणजीच्या वस्तूला सरसच वापरावा; पुढच्या पिढीला तो सांधा पुन्हा उघडता आला पाहिजे.

हत्यारे : सुरुवातीला ६, १२ आणि २५ मिलिमीटरच्या तीन पटाश्या, एक छोटा रंधा, बारीक दातांची करवत, काटकोन पाहायचा गुण्या, मोगरी, कानस आणि दोन शिकंजे पुरतात. जुन्या करवतीच्या पात्याचा तुकडा कड काढून घेतला की उत्तम खरवडपट्टी होते. वेग कमी-जास्त करता येणारे ड्रिल उपयोगी आहे. ग्राइंडरला घासकागदाची चकती लावून जुना पाट गुळगुळीत करणे मात्र टाळावे: त्यात कडा, जुन्या रंध्याच्या खुणा आणि वर्षानुवर्षे चढलेला रंग एका झटक्यात जातो.

पैसे धारेवर खर्च करावेत. मिरजेत सतारी आणि तंबोरे घडवणारी घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे शस्त्रांना धार लावणाऱ्यांची. एकोणिसाव्या शतकात ती वाद्यांकडे वळली. पटाशीचा उतार २५ अंशांचा आणि टोकाची धार ३० अंशांची ठेवावी. पाठ दगडावर पूर्ण सपाट करावी. बहुतेक जण इथेच कमी पडतात. चाकावर घासताना पाते निळे पडले तर पोलादाचे पाणी उतरले, म्हणजे कडकपणा गेला, असे समजावे आणि तेवढा भाग काढून टाकावा. मऊ लाकडाच्या आडव्या कापावर पटाशी चालवावी: चकचकीत, अखंड काप आला तर धार ठीक, भुसा पडला तर दगडाकडे परत. जुन्या सुताराकडची वापरलेली पटाशी मिळाली तर पात्याच्या पाठीवर खोल गंजखळगे नाहीत ना, तेवढे पाहून जरूर घ्यावी.

पॉलिश आणि तेल : आधी झाकलेल्या जागी स्पिरिटचा बोळा फिरवावा. थर चिकट झाला तर ते लाखेचे पॉलिश आहे आणि त्यावर नवा हात बसतो. लिटरभर स्पिरिटमध्ये सुमारे १४० ग्रॅम चपडा लाख विरघळवून, गाळून, कापसाच्या बोळ्याने पातळ हात द्यावेत. पावसाळ्यात हे काम काढू नये, हवेतल्या दमटपणाने पॉलिश पांढरट पडते. जुना तेलरंग मात्र कोरडा घासू नये. रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भागांची) मर्यादा भारतात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्यामुळे त्याआधीच्या थरांत शिसे असू शकते. असा रंग ओला करून खरवडावा आणि लहान मुलांना लांब ठेवावे. जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप पेट घेऊ शकतात. ती पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवावीत.

काठवट, पोळपाट, रवी यांना पॉलिश लावूच नये. बाजारातल्या ‘बॉइल्ड’ जवस तेलात लवकर सुकण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात, म्हणून अन्नाच्या भांड्यांना खाण्याचे कच्चे जवस तेल पातळ चोळावे, जास्तीचे पुसून घ्यावे आणि दोन-तीन आठवडे वाळू द्यावे.