वर्गात बसवलं, आता शिकवायचं कसं?

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना साध्या शाळेच्या वर्गात बसवलं, तरी त्यांना शिकवायचं कसं हा प्रश्न उरतोच. इंग्लंडच्या हॅम्पशायर भागात याबाबत एक तुलना जणू आपोआप जुळून आली. डाउन सिंड्रोम (बौद्धिक अक्षमता येणारी जन्मजात जनुकीय स्थिती) असलेली काही मुलं तिथे साध्या शाळेत गेली, काही विशेष शाळेत. हे मुलाच्या कुवतीवर नव्हे, तर मुख्यतः घर कोणत्या भागात आहे यावर ठरलं होतं. मानसशास्त्रज्ञ स्यू बकली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 मध्ये ही मुलं किशोरवयात असताना त्यांची तुलना केली. साध्या शाळेतली मुलं बोलण्यात सुमारे अडीच वर्षांनी आणि लेखन-वाचनात तीन वर्षांहून जास्त पुढे होती. मुलं जेमतेम 46, त्यामुळे जपूनच बोलायला हवं. शिवाय जिवाभावाची मैत्री विशेष शाळेतल्या मुलांना अधिक मिळाली होती. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण मूल शाळेत फक्त शिकायला जात नाही.

वाचनाचा इतका फायदा का झाला असावा? या मुलांना ऐकलेलं क्षणभर मनात धरून ठेवणं जड जातं, त्या मानाने पाहिलेलं बरं टिकतं. बोललेला शब्द हवेत विरतो, छापलेला समोर राहतो. म्हणून वाचता येऊ लागलं की बोलणंही सुधारतं. आता आपल्या वर्गातली एक साधी सूचना घ्या: ‘पुस्तक काढा, पान 32 उघडा, तिसरं गणित वहीत उतरवा आणि हातचा कुठे घेतला ते सांगा.’ एका दमात चार कामं! बौद्धिक अक्षमता असलेलं मूल बहुधा पुस्तक काढून थांबतं, आणि ‘याचं लक्षच नसतं’ असा शिक्का बसतो. त्याच चार पायऱ्या फळ्यावर चित्रांसह लिहिल्या, तर तेच मूल पुढे सरकतं. बाकीच्या मुलांनाही त्याचा उपयोगच होतो.

सगळ्यांना सुचणारा उपाय म्हणजे शेजारी मदतनीस बसवणं. मुंबई-पुण्यातल्या काही खासगी शाळांत पालक पदरचे पैसे मोडून असा ‘शॅडो टीचर’ ठेवतात. पण इंग्लंड-वेल्समध्ये 2003 ते 2009 या काळात झालेल्या मोठ्या अभ्यासात उलटंच दिसलं. मदतनिसाची साथ जितकी जास्त, तितकी मुलांची प्रगती कमी. आधीची पातळी आणि अडचणी लक्षात घेऊनही फरक उरला. मदतनीस असला की वर्गशिक्षक त्या मुलाशी कमी बोलत, आणि मदतनिसाचा भर शिकवण्यापेक्षा काम पूर्ण करून घेण्यावर राही. यात मदतनिसांचा दोष नाही. त्यांची तयारी करून घेतलेली नव्हती आणि शिक्षकांशी आधी बोलायला वेळ मिळत नव्हता.

‘अशा मुलांमुळे आमची मुलं मागे पडतील’ ही भीती मात्र सोडून द्यावी. 47 अभ्यासांच्या, जवळपास 48 लाख विद्यार्थ्यांच्या एकत्रित विश्लेषणात सोबतच्या मुलांच्या अभ्यासावर झालेला परिणाम छोटासा, पण फायद्याचा निघाला.

आपल्याकडे 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने समावेशक शिक्षणाचं, म्हणजे दिव्यांग मुलांना इतरांसोबत एकाच वर्गात शिकवण्याचं, बंधन घातलं. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये प्राथमिक स्तरावर अशा 10 मुलांमागे आणि वरच्या वर्गांत 15 मुलांमागे एक विशेष शिक्षक, असं प्रमाण सांगितलं. प्रत्यक्षात एकेका विशेष शिक्षकाला अनेक शाळा सांभाळाव्या लागतात. तो आला की मुलाला वर्गाबाहेर घेऊन बसतो, तास संपतो, तो पुढच्या शाळेत जातो. त्यापेक्षा त्या वेळातला निम्मा वेळ त्याने वर्गशिक्षिकेसोबत पुढच्या आठवड्याचे पाठ आखण्यात घालवावा. वर्ग 342 मधून 178 वजा करत असेल, तेव्हा हे मूल त्याच गटात बसून मणी घेऊन 12 मधून 7 काढेल, आणि उत्तर इतरांसारखंच फळ्यावर येऊन लिहील. एवढी आखणी आधी झालेली असली, तर विशेष शिक्षक नसलेल्या दिवशीही बाई तो पाठ एकट्याने घेऊ शकतात.