घाटकोपरचं वाक्य ठाण्याला हरवतं

घाटकोपर सुटता सुटता एक झकास वाक्य सुचतं. विक्रोळी, भांडुप, मुलुंड मागे पडतात तरी ते डोक्यात शाबूत असतं. ठाण्याला उतरून पुलाच्या जिन्यावर गर्दीत दोन धक्के खाल्ले, की गेलं. घरी टेबलाशी बसल्यावर एवढंच आठवतं, की वाक्य फार छान होतं. (नसेलही.)

हा दोष वयाचा नाही, जागेचा आहे. या क्षणी लागणारी माहिती मेंदू जिथे तात्पुरती धरून ठेवतो, तिला कार्यस्मृती म्हणतात. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये अशा धारणेची मर्यादा साधारण ७ गोष्टी सांगितली. २००१ मध्ये नेल्सन कोवान यांनी ती ४ च्या आसपास आणून ठेवली. लोकलच्या बाकासारखंच. तिघं नीट, चौथा टेकलेला.

लिहायला बसलं की त्याच बाकावर सगळे एकदम चढतात: मूळ मुद्दा, पुढचं वाक्य, नेमका शब्द, व्याकरण, शिवाय ‘वाचणाऱ्याला हे कळेल का?’ मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड केलॉग यांनी लिहिणाऱ्यांना मध्येच आवाज ऐकवला आणि प्रतिसादाला किती उशीर होतो ते मोजलं. निबंध रचताना गुंतलेलं लक्ष चाल शोधणाऱ्या मुरलेल्या बुद्धिबळपटूच्या तोडीचं निघालं.

मुलांचे हाल तर आणखी. ‘कि’ बोलताना आधी क, मग इ. कागदावर मात्र वेलांटी क च्या डावीकडे. त्यात पहिली की दुसरी? हे हातात बसलेलं नसेल, तर बाक तिथेच भरतो आणि मुद्द्याला उभं राहायलाही जागा उरत नाही. सहलीची गोष्ट तासभर सांगणारी पोर वहीत चार ओळी लिहिते. तिला आपण आळशी म्हणतो, हे मला पटत नाही.

पण बाक अरुंद म्हणूनच तर कागद लागतो. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठातला २०१८ चा एक प्रयोग आहे. ५७ तरुणांपैकी काहींनी झोपण्यापूर्वी ५ मिनिटं उरलेल्या कामांची यादी लिहिली, बाकीच्यांनी झालेल्या कामांची. उरलेली कामं लिहिणारे सरासरी ९ मिनिटं आधी झोपले, आणि यादी जितकी बारीकसारीक तितकी झोप लवकर. मला वाटलं होतं नेमकं उलटं होईल. मनातलं दुःख लिहून काढल्याने बरं वाटतं का, यावर जेम्स पेनेबेकर यांच्या १९८६ च्या प्रयोगापासून पुष्कळ काम झालंय. सरासरी फायदा दिसतो, पण थोडाच.

आता मी घाटकोपरलाच मोबाइल काढतो. एक हात वरच्या कडीला, दुसऱ्याच्या अंगठ्याने जमतील ते शब्द. परवाची नोंद आहे: ‘आजी, चुना, उलटा पूल’. अजून उलगडा झालेला नाही.