बी-१२ की फोलिक ॲसिड? रक्तात सारख्या दिसणाऱ्या दोन कमतरता

रक्ताच्या अहवालात हिमोग्लोबिन कमी आणि एमसीव्ही (तांबड्या पेशींचा आकार) १०० च्या वर दिसलं की दोन नावं पुढे येतात: बी-१२ आणि फोलिक ॲसिड. दोन्ही ‘ब’ गटातली, दोन्ही पाण्यात विरघळणारी. दोन्हींच्या कमतरतेत थकवा, जिना चढताना धाप, फिकट चेहरा आणि लालबुंद, गुळगुळीत, झोंबणारी जीभ. गोळ्याही बहुतेकदा एकत्रच मिळतात, त्यामुळे अनेकांच्या लेखी ही जोडी म्हणजे एकच औषध. मग कुणी ‘रक्तवाढीसाठी’ म्हणून नुसतं फोलिक ॲसिड महिनोन्‌महिने घेत राहतं. हा गैरसमज मला फार काळजीचा वाटतो. शरीरात बी-१२ कमी असताना एकटं फोलिक ॲसिड घेतलं, तर रक्ताचा अहवाल सुधारतो आणि मज्जारज्जूची हानी मागे चालूच राहते.

काचपट्टीवर फरक दिसत नाही

तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान म्हणजे एमसीव्ही. ते साधारण ८० ते १०० फेम्टोलिटर असतं. या दोन्ही कमतरतांमध्ये पेशी मोठ्या आणि अंडाकृती होतात. सूक्ष्मदर्शकाखाली आणखी एक खूण दिसते. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशीचं केंद्रक एरवी तीन-चार पाळ्यांचं असतं, ते इथे पाच, सहा, कधी त्याहून जास्त पाळ्यांचं झालेलं असतं. अस्थिमज्जेत पेशी वाढत राहतात, हिमोग्लोबिनही भरत राहतं, पण डीएनएची नवी प्रत वेळेत तयार होत नाही. त्यामुळे पेशीचं विभाजन अडतं, ती फुगते आणि पुष्कळशा पेशी मज्जेतच मरून जातात. काचपट्टी कितीही अनुभवी डोळ्यांखाली गेली, तरी नुसत्या तिच्यावरून ही बी-१२ ची कमतरता की फोलेटची (म्हणजे अन्नात आणि शरीरात असणाऱ्या फोलिक ॲसिडच्या रूपांची), हे सांगता येत नाही.

असं का होतं, ते समजून घेण्यासारखं आहे, कारण पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

डीएनएमधलं थायमिडीन बनवायला फोलेट लागतं. रक्तातून पेशीत शिरणारं फोलेट मात्र मिथाइल गट चिकटलेल्या रूपात असतं आणि त्या रूपात ते या कामाला निरुपयोगी. तो मिथाइल गट काढून घेणारं विकर (एन्झाइम) बी-१२ शिवाय चालत नाही. बी-१२ ने तो गट घेतला, होमोसिस्टीन या अमिनो आम्लाला दिला, त्याचं मेथिओनिन हे दुसरं अमिनो आम्ल झालं, की फोलेट मोकळं. बी-१२ नसेल तर फोलेट त्या मिथाइल रूपातच अडकून पडतं. जीवरसायनात याला ‘मिथाइल सापळा’ म्हणतात. म्हणजे बी-१२ कमी असलेल्या माणसाच्या रक्तात फोलेट भरपूर असलं, तरी पेशीच्या दृष्टीने ते नसल्यासारखंच. रक्तातली दोन्ही चित्रं एकसारखी दिसतात ती यामुळे.

गोळीतल्या फोलिक ॲसिडवर मिथाइल गट नसतो. ते दुसऱ्या वाटेने थेट कामाच्या रूपात येतं आणि बी-१२ ची पायरी ओलांडून डीएनएचं काम सुरू करून देतं. हिमोग्लोबिन चढतं, एमसीव्ही उतरतो, माणसाला तरतरी येते. पण बी-१२ चं काम एवढ्यावर संपत नाही. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियामध्ये मिथाइलमॅलोनिक आम्लाशी जोडलेली आणखी एक क्रिया त्याच्यावर चालते, आणि चेतातंतूंवरचं मायलिनचं आवरण टिकायलाही बी-१२ च हवं. तिथे फोलिक ॲसिड कितीही ओतलं तरी उपयोग नाही.

१९४५ साली फोलिक ॲसिड प्रयोगशाळेत तयार झालं आणि परनिशस ॲनिमियाच्या (जठराच्या दोषामुळे बी-१२ शोषलं न गेल्याने होणाऱ्या ॲनिमियाच्या) रुग्णांना देण्यात आलं. रक्त सुधारलं, पण काही काळाने त्यातल्या अनेकांच्या पायांत बधिरपणा आला, चाल बिघडली. बी-१२ वेगळं काढता आलं ते १९४८ मध्ये, त्यानंतर या कोड्याचा उलगडा झाला. प्रौढांनी गोळ्यांतून आणि पोषक घटक मिसळलेल्या अन्नातून दिवसाला १,००० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त फोलिक ॲसिड घेऊ नये, ही मर्यादा मुख्यतः याच अनुभवातून आली. पालेभाज्या-डाळींतल्या नैसर्गिक फोलेटला ती लागू नाही.

पायाच्या अंगठ्यावरची परीक्षा

बी-१२ कमी पडलं की सहसा दोन्ही पायांच्या बोटांत एकाच वेळी मुंग्या येऊ लागतात. पाय जमिनीवर नीट टेकल्यासारखे वाटत नाहीत. बेसिनपाशी डोळे मिटून तोंड धुताना तोल जातो, अंधारात चालताना भीती वाटते. मज्जारज्जूच्या मागच्या भागातून जाणारे, कंपन आणि अवयवांची स्थिती कळवणारे तंतू यात आधी बिघडतात. डोळे उघडे असेपर्यंत नजर ती उणीव भरून काढते.

हे तपासायला डॉक्टर १२८ हर्ट्झचा नादकाटा वापरतात. तो वाजवून त्याची दांडी पायाच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवायची, रुग्णाने डोळे मिटून घ्यायचे आणि कंपन थांबलं की सांगायचं. रुग्ण म्हणतो ‘थांबलं’, आणि डॉक्टरांनी तोच काटा उचलून स्वतःच्या बोटावर ठेवला तर तो अजून कापत असतो. मग घोटा, मग गुडघा असं वर वर जात कंपन कुठून जाणवतं ते पाहायचं. दोन मिनिटांत होणारी ही तपासणी. मुंग्यांची तक्रार करणाऱ्या प्रत्येकाची ती व्हायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

कारण रक्त दरवेळी इशारा देतंच असं नाही. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बी-१२ च्या कमतरतेमुळे मज्जासंस्थेचा किंवा मनोविकाराचा त्रास झालेले १४१ रुग्ण होते. त्यांतल्या ४० जणांना ॲनिमिया तरी नव्हता किंवा पेशी मोठ्या तरी झालेल्या नव्हत्या. विसरभोळेपणा, चिडचिड, उदासपणा ही लक्षणंही यात येतात आणि वय झालं म्हणून सोडून दिली जातात.

अन्न, साठा आणि जठर

फोलेट मिळतं गडद हिरव्या पालेभाज्यांतून, डाळी, हरभरा, राजमा यांसारख्या कडधान्यांतून, शेंगदाणे, संत्री आणि यकृतातून. प्रौढांची रोजची गरज ४०० मायक्रोग्रॅम. शिजवलेल्या मसुराची एक वाटीही त्यातला मोठा वाटा उचलते. उष्णता आणि पाणी मात्र त्याला मानवत नाही. पालक पाण्यात उकळून पाणी फेकलं तर निम्म्याच्या आसपास फोलेट जातं, वाफवला तर बरंचसं राहतं.

शरीरातला साठाही थोडाच. अमेरिकी डॉक्टर व्हिक्टर हर्बर्ट यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वतःवरच प्रयोग केला. सगळं अन्न तीन-तीनदा उकळून, पाणी टाकून देऊन ते खात राहिले. तीन आठवड्यांत रक्तातलं फोलेट घसरलं, सातव्या आठवड्यात न्यूट्रोफिलच्या पाळ्या वाढल्या आणि साडेचार महिन्यांनी पुरता ॲनिमिया झाला.

बी-१२ चं वेळापत्रक याच्या अगदी उलट. रोजची गरज फक्त २.४ मायक्रोग्रॅम आणि यकृतात साठा काही मिलिग्रॅम. आहारातून ते पूर्ण बंद झालं तरी कमतरता उघड व्हायला वर्षं लागतात. त्यामुळे आहार बदलल्यावर सहा महिन्यांत काही झालं नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही. हे जीवनसत्त्व ना वनस्पती बनवतात ना प्राणी. ते बनवतात काही सूक्ष्मजीव. प्राण्यांच्या शरीरात ते साठतं, म्हणून मांस, मासे, अंडी, दूध यांतून आपल्याला मिळतं. स्पिरुलिना या शैवालाची बरीच जाहिरात होते, पण त्यातला मोठा भाग माणसाला न चालणारं बी-१२ सारखं संयुग असतं. दूध-अंडीही न खाणाऱ्यांनी गोळी किंवा बी-१२ मिसळलेलं अन्न नियमित घ्यावं, त्याला दुसरा पर्याय नाही.

खाल्लं म्हणजे मिळालं, असंही इथे नसतं. फोलेट लहान आतड्याच्या वरच्या भागात फारशी खळखळ न करता शोषलं जातं. बी-१२ ला आधी जठरातल्या आम्लाने प्रथिनापासून सोडवावं लागतं, मग जठराच्याच पेशींनी स्रवलेल्या ‘इन्ट्रिन्सिक फॅक्टर’शी त्याची जोडी जमावी लागते, आणि ती जोडी शोषली जाते थेट लहान आतड्याच्या शेवटच्या भागात. अमेरिकी डॉक्टर विल्यम कॅसल यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस हे ज्या पद्धतीने दाखवलं, ती आज वाचतानाही थक्क करते. परनिशस ॲनिमियाच्या रुग्णांना नुसतं मांस दिलं तर काही फरक पडत नव्हता. कॅसल यांनी तेच मांस स्वतः खाल्लं, तासाभराने जठरातून बाहेर काढलं आणि पचवून नळीवाटे रुग्णांना दिलं, तर नव्या तांबड्या पेशी वाढू लागल्या. निरोगी जठरातलं काहीतरी या रुग्णांकडे नाही, हे त्यातून स्पष्ट झालं.

म्हणून बी-१२ च्या कमतरतेत ‘काय खाता?’ एवढं विचारून भागत नाही. जठराचा किंवा लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचा तुकडा काढलाय का, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू आहे का, आम्लपित्ताच्या गोळ्या रोज घेता का, वय साठीपुढे आहे का, हेही विचारावं लागतं. फोलेटच्या बाबतीत प्रश्न वेगळे: मद्यपान, अपुरा आहार, गर्भारपण, मेथोट्रेक्सेट किंवा फेनिटोइनसारखी औषधं.

गरोदरपण आणि तान्हं बाळ

या विषयाचा पहिला मोठा धागा गर्भवतींपासूनच सापडला. ब्रिटिश डॉक्टर लुसी विल्स यांनी मुंबईतल्या गर्भवतींच्या ॲनिमियावर काम करताना १९३१ मध्ये दाखवलं, की यीस्टच्या अर्काने तो बरा होतो. त्यातला घटक पुढे फोलेट ठरला.

गर्भाची मज्जानलिका, म्हणजे जिच्यापासून मेंदू आणि मज्जारज्जू बनतात ती नळी, गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते, म्हणजे पुष्कळदा दिवस गेल्याचं कळण्याआधीच. म्हणून मूल हवं असेल तर निदान महिनाभर आधीपासून पहिले १२ आठवडे रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड घ्यायला सांगतात. आधीच्या बाळात ही नलिका नीट न मिटल्याचा दोष असेल तर मात्रा कितीतरी मोठी असते आणि ती डॉक्टरच ठरवतात. इथे फोलिक ॲसिडला बगल देऊ नये. आईचा आहार पूर्ण शाकाहारी, दूधही नसलेला असेल, तर सोबत बी-१२ तपासावं. अशा आईच्या दुधावरचं बाळ पहिले काही महिने ठीक दिसतं, आणि मग मान धरायला शिकलेलं मूल ती सोडू लागतं, हसणं कमी होतं, अंग सैल पडतं. हे वेळेत ओळखणं अत्यंत गरजेचं आहे.

तपासणी आणि उपचारांचा क्रम

रक्तातलं बी-१२ २०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असेल तर कमतरता धरतात. २०० ते ३०० चा पट्टा संशयाचा. तिथे मिथाइलमॅलोनिक आम्ल मोजतात: ते बी-१२ कमी असताना वाढतं, फोलेट कमी असताना नाही. होमोसिस्टीन दोन्हींत वाढतं, त्यामुळे त्याने फरक कळत नाही. सोबत लोहाचीही कमतरता असेल तर एमसीव्ही अगदी नॉर्मल येऊ शकतो.

दोन्ही कमी असतील, किंवा कोणतं कमी हे कळण्याआधी उपचार करावे लागणार असतील, तर बी-१२ आधी सुरू होतं. मुंग्या-बधिरपणा असेल तर ते इंजेक्शनने देतात. आठवडाभरात नव्या तांबड्या पेशी वाढलेल्या दिसतात. मज्जातंतूंना महिने लागतात आणि लक्षणं जितकी जुनी, तितकी भरपाई अपुरी. फोलेटचा उपचार बहुधा चार महिन्यांत आटोपतो. जठराच्या दोषामुळे झालेल्या बी-१२ च्या कमतरतेत तो जन्मभर चालतो, आणि बरं वाटतंय म्हणून इंजेक्शन थांबवलं तर त्रास काही वर्षांनी परततो.