पाण्याचा ताळेबंद

गावाच्या शिवारात पावसाने किती पाणी आले, त्यातले वापरण्याजोगे किती उरले आणि ते कशाकशाला पुरेल, याचा ग्रामसभेत मांडलेला वार्षिक हिशेब म्हणजे पाण्याचा ताळेबंद. हिशेबाचे वर्ष जून ते मे. रब्बीचे बियाणे घरात येण्याआधी तो मांडायचा असतो. पेरण्या उरकल्यावर केलेली आकडेमोड म्हणजे नुसता पंचनामा.

ही पद्धत महाराष्ट्रात ओळखीची झाली ती अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजारमुळे. पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर 1990च्या दशकात तेथे आदर्श गाव योजनेतून समतल चर, बांध आणि नालाबांध झाले. तशी कामे इतर अनेक गावांतही झाली होती. हिवरे बाजारने त्यांच्या जोडीला वापरावर बंधने घातली: सिंचनासाठी कूपनलिका नाही, ऊस नाही, केळी नाही. त्या वर्षीच्या पावसावरून पिके ठरवण्याची रीत यातूनच रुजली. पुढे जलयुक्त शिवार अभियान, नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प आणि अटल भूजल योजना यांत गावाचा ताळेबंद हा कामाचा भाग झाला. सरकारी तक्ता भरून फाइलला लावला की काम झाले, ही समजूतही तेव्हापासूनचीच.

हिशेबाचे एकक टीसीएम, म्हणजे एक हजार घनमीटर किंवा 10 लाख लिटर. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की 10 हजार लिटर पाणी होते, एवढे लक्षात ठेवले तरी पुरते. एक नमुना घेऊ. शिवार 1,000 हेक्टर आणि पाऊस 400 मिलिमीटर, म्हणजे आवक 4,000 टीसीएम. आकडा ऐकून सभा खूश होते, पण यातले बहुतेक पाणी खरिपाची पिके, गवत-झाडे आणि बाष्पीभवन घेऊन जातात, काही ओढ्याने वाहून जाते. बेसाल्टच्या प्रदेशात पावसाच्या साधारण 6 ते 14 टक्केच पाणी जमिनीत मुरते; मुरमाड, भेगाळ खडकात जास्त, अखंड काळ्या पाषाणात कमी. दहा टक्के धरले तर 400 टीसीएम. त्यातले सत्तर टक्केच उपसायचे ठरवले तर 280, आणि बंधाऱ्यांत साठलेले, बाष्पीभवन वजा जाता 80, असे 360 टीसीएम हाती उरतात.

आता गरज. दीड हजार माणसांना दररोज दरडोई 55 लिटरप्रमाणे वर्षाला सुमारे 30 टीसीएम लागतात. 600 मोठ्या जनावरांना 50 लिटरप्रमाणे 11. हे 41 टीसीएम आधी बाजूला काढायचे, तेही पाऊस लांबला तर जूनअखेरपर्यंत पुरतील असे. उरलेल्या 319 टीसीएममध्ये गहू (हेक्टरी सुमारे 4) 80 हेक्टर होईल किंवा हरभरा (हेक्टरी सुमारे 2) 160 हेक्टर. पाटाने पाणी देणार असाल तर गरज दीडपट धरा. उसाला हेक्टरी 20 ते 25 टीसीएम लागतात. तीन-साडेतीन एकर ऊस अख्ख्या गावाचे वर्षभराचे पिण्याचे पाणी पितो. सभेत इतर कोणत्याही आकड्यापेक्षा हा आकडा जास्त काम करतो. डाळिंब, संत्रा अशा उभ्या बागांचे पाणी मात्र हंगामी पिकांच्या आधी वजा करावे लागते, कारण बाग एका वर्षासाठी मोडता येत नाही.

मोजणीत घोळ ठरलेल्या जागी होतात. पाऊस महसूल मंडळाच्या केंद्रावरचा घेतला तर तो गावात पडलेला असेलच असे नाही, म्हणून पर्जन्यमापक गावातच हवा आणि नोंद रोज सकाळी साडेआठला. निरीक्षण विहिरीची पातळी कठड्यावरच्या एकाच खुणेपासून, पंप सुरू होण्याआधी पहाटे घ्यावी. उपसा चालू असताना घेतलेली पातळी खोटी दुष्काळवार्ता देते. बंधाऱ्याची साठवण हंगामात दोन-तीनदा भरते, ती एकदाच धरली तर आवक कमी दिसते. उलट बंधाऱ्यातून मुरलेले पाणी साठ्यात आणि भूजलात दोन्हीकडे धरले तर जास्त दिसते. ही दुसरी चूक फार सर्रास आढळते. पीकपेरा सातबाऱ्यावरून न घेता शिवारफेरीत पाहून घ्यावा. आणि मुळातली अडचण: भूजलाला गावाची शीव कळत नाही. वरच्या गावाने कूपनलिका वाढवल्या की खालच्या गावाचा ताळेबंद चुकतो.

सभेची वेळ नाजूक असते. परतीचा पाऊस ऑक्टोबरपर्यंत येतो, पण रब्बी ज्वारी सप्टेंबरच्या मध्यापासूनच पेरली जाते आणि कांद्याची रोपेही तेव्हा टाकलेली असतात. म्हणून सप्टेंबरअखेर कच्चा हिशेब करून 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत तो मांडावा आणि गव्हाच्या पेरणीआधी दुरुस्त करावा. आवक, गरज आणि तूट चावडीवरच्या फलकावर लिहावी.

ठराव मोडणाऱ्याला ग्रामसभा फारसे काही करू शकत नाही, कारण विहीर खासगी असते. महाराष्ट्र भूजल अधिनियम, 2009 मध्ये जास्त पाणी पिणाऱ्या पिकांवर निर्बंधाची तरतूद आहे, पण ती सरकारने अधिसूचित केलेल्या क्षेत्रापुरती. बाकी सारी भिस्त भिडेवर, आणि कांद्याचा भाव चढला की भीड सैल पडते. ठिबकही आपोआप पाणी वाचवत नाही. वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर भिजवले तर उपसा तेवढाच राहतो. प्लॅस्टिक अंथरलेली शेततळी विहिरीच्या पाण्याने भरणे त्याहून वाईट, कारण जमिनीखाली सुरक्षित असलेले पाणी उन्हात आणून ठेवले जाते.

पाणी किती, हे ताळेबंद सांगतो. कोणाला किती, हे त्यातून ठरत नाही. त्या प्रश्नाला 1972च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथून सुरू केलेल्या पाणी पंचायतीने हात घातला. तिच्या उपसा योजनांत पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरवता माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर भिजेल इतका ठरला. भूमिहीनांनाही वाटा मिळाला आणि ऊस वर्ज्य झाला. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नसल्याने जमीन विकली तरी तो घेणाऱ्याकडे जात नसे.