दूषित जमिनीची सरकारी माहिती मागताना अर्ज परत का येतात

मागच्या उन्हाळ्यात एक शेतकरी दादा तीन लिफाफे घेऊन आले. एकाच मागणीची तीन उत्तरं. पहिलं: "मागितलेली बाब माहितीच्या व्याख्येत बसत नाही." दुसरं: "अर्जासोबत विहित शुल्क जोडलेले नाही." तिसरं: "सदर नावाचा उद्योग या कार्यालयाच्या अभिलेखात आढळून येत नाही." त्यांचं वावर राखेच्या तलावाच्या खालच्या अंगाला. लिफाफे टेबलावर ठेवून म्हणाले, "भाऊ, वावरातली राख साऱ्याले दिसते, मंग कागदावर काऊन दिसत नाही?"

प्रश्न बरोबर होता, अर्ज चुकला होता. तिन्ही वेळा थोडक्यासाठीच चुकला होता. असे अर्ज मी बरेच पाहतो, म्हणून हे लिहितोय.

आधी एक गैरसमज. "सरकारच्या यादीत आमचं गाव नाही, म्हणजे जमीन चांगली आहे" असं पुष्कळांना वाटतं. अधिकारीही तसं ऐकवतात. यादीत नाव नसणं म्हणजे बहुतेक वेळा कुणी तपासलंच नाही, एवढंच. जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. त्यांच्यानुसार सुरुवात प्रदूषण नियंत्रण मंडळापासून होत नाही. स्थानिक स्वराज्य संस्था किंवा जिल्हा प्रशासनाने, स्वतःहून किंवा लोकांच्या तक्रारीवरून, संशयित दूषित स्थळांची यादी करून दर सहा महिन्यांनी मंडळाकडे पाठवायची. मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, संशय पक्का वाटला तर पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर सर्वेक्षण.

म्हणजे तक्रारीचा पहिला कागद ग्रामपंचायत आणि जिल्हाधिकारी कार्यालयात जायला हवा. आपली माणसं मात्र एसटीने थेट मंडळाचं कार्यालय गाठतात. तिथे भेट-तपासणी होते, कधी नमुनाही घेतात, पण संशयित स्थळांच्या यादीत नाव येतंच असं नाही. म्हणून तक्रार दोन्हीकडे करा आणि "संशयित दूषित स्थळ म्हणून नोंद करावी" हे शब्द लिहा. पोच घ्या. पोच म्हणजे आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का. "ठेवून जा, पाहतो" ही पोच नव्हे. पुढे माहिती मागताना "माझ्या अमुक तारखेच्या, अमुक आवक क्रमांकाच्या तक्रारीवर झालेली कार्यवाही" असं लिहिता आलं, तर अर्ज टाळणं अवघड होतं. हा कागद दहातल्या नऊ जणांकडे नसतो.

विदर्भासाठी इथे दोन खाचखळगे आहेत. एक, खाणकामाचं प्रदूषण या नियमांतून वगळलं आहे. घुग्गुस, वणी, माजरीकडे खाणीच्या ढिगाऱ्यावरचा गाळ वावरात आला असेल, तर रस्ता वेगळा: खाणीला मिळालेली पर्यावरण मंजुरी आणि तिचे सहामाही अनुपालन अहवाल मागा. मंजुरी 'परिवेश' या केंद्राच्या पोर्टलवर सापडते. दुसरं, राखेचं. औष्णिक केंद्राची राख घातक कचऱ्याच्या वर्गात धरलेली नाही, तिच्यासाठी ३१ डिसेंबर २०२१ ची वेगळी अधिसूचना आहे. जुलै २०२२ मध्ये कोराडी वीज केंद्राचा खसाळ्याचा राखेचा तलाव फुटला आणि राख नदी-नाल्यात, वावरांत गेली, तेव्हापासून तर सगळेच अर्जात नुसतं "राख आली" लिहितात. राख लिहाच, पण तिच्यातून पाण्यात-मातीत उतरू शकणारे आर्सेनिक, शिसं, पारा यांची तपासणीही नावानिशी मागा.

आणि खारपाणपट्टा. अकोला, अमरावती, बुलडाण्याकडचं खारं पाणी असो की यवतमाळ-चंद्रपूर भागातल्या विहिरींमधलं फ्लोराइड, ते बहुतेक ठिकाणी जमिनीतून, खडकातूनच आलेलं असतं. ते मंडळाकडे मागून उपयोग नाही. त्याची माहिती भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आणि जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागाकडे असते. गावातल्या पिण्याच्या पाण्याच्या तपासण्या जलजीवन मिशनच्या पोर्टलवर अर्ज न करताही दिसतात.

पोर्टलवर शोधताना गावाचं नाव इंग्रजीत टाकावं लागतं आणि तिथेच गाडी अडते. वडगाव कुठे 'डब्ल्यू'ने, कुठे 'व्ही'ने. घुग्गुस कुठे एका 'जी'चं, कुठे दोन 'जीं'चं. एका स्पेलिंगला काही आलं नाही म्हणून माहितीच नाही, असं समजू नका. बुद्रुक की खुर्द, तेही पाहा. ग्रामपंचायतीचं नाव आणि महसुली गावाचं नाव पुष्कळदा वेगळं असतं. सातबाऱ्यावर असेल ते महसुली नाव आणि गट नंबर लिहा. उद्योगाचं नाव गावात म्हणतात ते नव्हे, तर मंडळाच्या संमतीपत्रावर (उद्योग चालवायला मंडळ देतं त्या परवानगीवर) आहे ते. दादांचं तिसरं उत्तर याच कारणाने आलं. गाव त्या कारखान्याला अजून जुन्या मालकाच्या नावाने ओळखतं, कागदावर कंपनी दोनदा बदललेली.

आता माहिती अधिकाराचा अर्ज. कोणताही भारतीय नागरिक करू शकतो. कारण सांगावं लागत नाही, आणि बाधित शेतकरी असण्याचीही अट नाही. "सातबारा आणा, मग पाहू" असं कुणी म्हणालं, तर कायद्याचं कलम ६(२) दाखवा. मात्र अर्ज व्यक्तीच्या नावाने हवा. "समस्त ग्रामस्थ" किंवा ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर केलेला अर्ज परत येतो. सरपंचांनीही स्वतःच्या नावाने करावा.

राज्याच्या कार्यालयासाठी जोडपत्र 'अ' (अर्जाचा ठरलेला नमुना), शब्द दीडशेच्या आत, एका अर्जात एकच विषय. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क नाही, कार्डाची प्रत जोडायची.

शुल्क दहा रुपयेच, पण त्या दहा रुपयांनी किती अर्ज मारलेत! महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, महाजेनको (राज्याची वीजनिर्मिती कंपनी), जिल्हाधिकारी ही राज्याची कार्यालयं, तिथे कोर्ट फी स्टॅम्प चालतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि वेस्टर्न कोलफील्ड्स ही कोळसा कंपनी केंद्राच्या अखत्यारीत येतात, तिथे कोर्ट फी स्टॅम्प चालत नाही. भारतीय पोस्टल ऑर्डर लावा, नाहीतर केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवरून पैसे भरा. दादांनी दिल्लीच्या केंद्रीय मंडळाला अर्ज कोर्ट फी स्टॅम्प चिकटवून पाठवला होता. व्यवस्थित, चारही कोपऱ्यांना डिंक लावून.

मजकुरात "का" आणि "कधी" नको. "कंपनीवर कारवाई का केली नाही?" याचं उत्तर द्यायला माहिती अधिकारी बांधील नाही. जो कागद कार्यालयात आहे, तोच मिळतो. असं लिहा:

"मौजा ____ (बु.), ता. ____, जि. ____, गट क्र. ____ येथील ____ या उद्योगाबाबत दि. १ एप्रिल २०२२ ते ३१ मार्च २०२५ या कालावधीतील स्थळभेट अहवाल, घेतलेल्या पाणी व मातीच्या नमुन्यांचे पृथक्करण अहवाल, कारणे दाखवा नोटिसा व दिलेले निर्देश यांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात."

"का" विचारायचंच असेल, तर "कारवाई न करण्याबाबतच्या टिप्पण्यांच्या प्रती" मागा. प्रश्न तोच, फक्त कागदाच्या भाषेत.

कंपनी खासगी आहे म्हणून माहिती देता येत नाही, हे उत्तर चुकीचं आहे. मंडळाला कायद्याने जी माहिती कंपनीकडून घेता येते, ती माहितीच्या व्याख्येत येते. "व्यापारी गुपित" म्हणून नकार आला, तर अपिलात लिहा की उत्पादनाची प्रक्रिया झाकून उरलेला भाग कलम १० प्रमाणे द्यावा. नाल्यात काय सोडलं, हे गुपित कसलं? आणि एक जुना, विसरलेला हक्क: जल अधिनियम १९७४ च्या कलम २५(६) प्रमाणे संमतीच्या अटींची नोंदवही बाधित माणसाला कार्यालयात जाऊन पाहता येते. मागून पाहा, बाबू आधी तुमच्याकडे आणि मग एकमेकांकडे बघतील.

दिवस मोजण्यात सगळ्यात जास्त नुकसान होतं. तीस दिवस तुम्ही पोस्टात टाकल्यापासून नव्हे, तर अर्ज त्या कार्यालयाला मिळाल्यापासून. चुकीच्या कार्यालयात गेला, तर त्यांनी पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो, आणि तीस दिवस तिथे पोचल्यावर सुरू होतात. कंपनीला विचारावं लागलं तर चाळीस दिवस. कागदांचे पैसे भरा म्हणून पत्र आलं, तर पैसे भरेपर्यंत घड्याळ थांबतं. ते पत्र सही घेऊन द्यायच्या टपालाने येतं. तुम्ही वावरात असता, पोस्टमन परत नेतो, आणि फाइल "अर्जदाराने रक्कम भरली नाही" म्हणून बंद होते. रक्कम पानाला दोन रुपये एवढीच, तेवढ्यासाठी फाइल बंद होऊ नये म्हणून अर्ज केल्यावर महिनाभर पोस्टात चौकशी ठेवा.

तीस दिवसांत उत्तर आलंच नाही, तर तो नकारच धरला जातो. इथे लोक आणखी तीन महिने वाट पाहतात, "साहेब देतो म्हणाले." पहिलं अपील त्या नकारापासून तीस दिवसांत करायचं असतं. साहेब गोड बोलले म्हणून ती मुदत थांबत नाही. जोडपत्र 'ब', वीस रुपयांचा स्टॅम्प. त्यावर तीस, फार तर पंचेचाळीस दिवसांत निर्णय. पुढे नव्वद दिवसांत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे, नागपूर विभागाला नागपूर खंडपीठ, अमरावती विभागाला अमरावती. उशिरासाठी अधिकाऱ्याला रोज अडीचशे, जास्तीत जास्त पंचवीस हजार दंड कायद्यात आहे. वाचायला बरं वाटतं. खरा उपयोग कलम ७(६) चा: मुदत टळली तर कागद फुकट द्यावे लागतात. ते अपिलात आठवणीने लिहा.

पुराव्याचंही बोलू. मृदा आरोग्य पत्रिका जवळजवळ प्रत्येकाकडे असते, आणि प्रत्येक जण तीच प्रदूषणाचा पुरावा म्हणून जोडतो. तिच्यात बारा तपासण्या: सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल (मँगनीज), बोरॉन. शिसं नाही, पारा नाही, आर्सेनिक नाही. पत्रिका "चांगली" आहे म्हणून उलट तुमच्याच विरोधात वापरलेली मी पाहिली आहे. तसंच शीतपेयाच्या बाटलीत भरून आणलेलं विहिरीचं पाणी. जड धातूंसाठी नमुन्यात आम्ल घालावं लागतं. बाटली प्रयोगशाळेचीच घ्या, आणि भरताना जागा, तारीख, वेळ लिहून दोघांच्या सह्या घ्या.

हाती आलेल्या अहवालात "बीडीएल" (बिलो डिटेक्शन लिमिट) दिसलं, की लोक सुटकेचा श्वास सोडतात. त्याचा अर्थ शून्य नव्हे, तर यंत्राला दिसेल त्याहून कमी. पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. प्रयोगशाळेचं यंत्र ०.०५ च्या खाली पाहू शकत नसेल, तर तिचं "बीडीएल" म्हणजे कोरा कागद. म्हणून शोधमर्यादाही अर्जात मागा. नमुना कुठून घेतला, तेही पाहा. दादांच्या अहवालात नमुना तलावाच्या वरच्या अंगाच्या हातपंपाचा निघाला.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात जायचा विचार असेल, तर माहिती अधिकाराचं सगळं संपायची वाट पाहू नका. कलम १४ खालचा अर्ज कारण घडल्यापासून सहा महिन्यांत करायचा असतो, वर फार तर साठ दिवसांची सवलत. नुकसानभरपाईसाठी, कलम १५ खाली, पाच वर्षं. आपलं खंडपीठ पुण्यात. दादांची दोन अपिलं होईपर्यंत सहा महिने कधीच उलटले होते. आता ते भरपाईच्या कलमाखाली जाताहेत, आणि वरच्या नव्हे, खालच्या विहिरीचा नमुना घ्यावा म्हणून नव्याने तक्रार दिली आहे. या वेळी पोचेवर आवक क्रमांक आहे. मी स्वतः वाचून पाहिला.