वर्षभरात चार भेटी

मुलीने इंजिनिअरिंग अर्धवट सोडलं की आपल्याकडे निदान तयारच असतं: "गणित झेपलं नसेल." असं म्हणणाऱ्यांना मला तारा डेनेही आणि निलांजना दासगुप्ता या मानसशास्त्रज्ञांचा 2017 सालचा शोधनिबंध वाचून दाखवावासा वाटतो.

प्रयोग अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात, ॲमहर्स्टला झाला. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आलेल्या 150 मुली घेतल्या आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे तीन गट पाडले. एका गटातल्या प्रत्येकीला वरच्या वर्गातली मुलगी मेंटॉर म्हणून मिळाली, दुसऱ्या गटाला वरच्या वर्गातला मुलगा, तिसऱ्या गटाला कोणीच नाही. भेटी किती, तर वर्षभरात साधारण चार. वर्षअखेर मुलगा मेंटॉर असलेल्या गटातल्या 18 टक्के आणि मेंटॉर नसलेल्या गटातल्या 11 टक्के मुलींनी इंजिनिअरिंग सोडलं होतं. मुलगी मेंटॉर असलेल्या गटातून एकही गेली नाही.

यावरून मुलगे वाईट मेंटॉर असतात, असं मात्र म्हणता येत नाही. पन्नासेक जणींच्या गटात 18 टक्के म्हणजे नऊ जणी, 11 टक्के म्हणजे पाच-सहा. तीन-चार जणींचा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो.

खरी गंमत गुणांची आहे. कोण टिकलं आणि कोण गेलं, याचा पहिल्या वर्षाच्या गुणांशी संबंध आढळला नाही. संबंध होता तो दोन गोष्टींशी: 'मी इथली आहे' ही भावना आणि 'मला हे जमेल' हा विश्वास. मेंटॉर नसलेल्या किंवा मुलगा मेंटॉर असलेल्या मुलींमध्ये या दोन्ही गोष्टी वर्षभरात घसरत गेल्या. मुलगी मेंटॉर असलेल्यांमध्ये त्या जागच्या जागी राहिल्या. लक्षात घ्या, वाढल्या नाहीत, फक्त घसरल्या नाहीत. म्हणूनच दासगुप्ता या परिणामाला लसीची उपमा देतात. लस हवेतला विषाणू नाहीसा करत नाही, शरीराची तयारी करून ठेवते.

ही तयारी नेमकी कसली असते? पहिल्याच परीक्षेत कमी गुण पडले, असं समजा. कमी गुण ही संदिग्ध घटना आहे, तिचे दोन अर्थ निघू शकतात. 'पेपर अवघड होता' हा एक, 'मी चुकीच्या जागी आले' हा दुसरा. वर्गातले बहुतेक जण आपल्यासारखेच असतील तर पहिला अर्थ आपसूक सुचतो. साठ जणांत आपण पाचच जणी असू, तर दुसरा. दुसरा अर्थ मनात बसला की वर्गात शंका विचारायची भीती वाटते. शंका तशीच राहते, ग्रुपमध्ये अभ्यासाला बसणं टळतं, पुढची परीक्षा आणखी जड जाते आणि ती पुन्हा त्याच अर्थाची साक्ष देते. म्हणजे आधीच्या फेरीचं उत्तर पुढच्या फेरीची सुरुवात ठरतं. चक्रवाढ व्याजाचं गणित असंच असतं, आणि त्यात सुरुवातीच्या रकमेतला छोटासा बदलही शेवटी मोठा दिसतो. चार भेटी पुरल्या त्या यामुळे, असं मला वाटतं. "मलाही पहिल्या सेमिस्टरला कमी पडले होते," एवढं तिसऱ्या वर्षातली मुलगी म्हणाली की त्या घटनेचा अर्थ फिरतो, आणि तोही चक्र सुरू होण्याआधी.

संख्याशास्त्रात अशा मधल्या दुव्याला मध्यस्थ चल म्हणतात. मेंटॉरचा परिणाम थेट करिअरच्या इच्छेवर होतो की आपलेपणा आणि आत्मविश्वास या वाटेने पोहोचतो, हे समाश्रयणाने, म्हणजे गोष्टींमधला संबंध आकड्यांत मोजण्याच्या पद्धतीने तपासलं, तेव्हा ही मधली वाट सापडली. अर्थात मेंटॉर चिठ्ठीने ठरला होता, आपलेपणा नाही. त्यामुळे या दुव्याचा पुरावा पहिल्या निष्कर्षाइतका भक्कम नाही.

मेंटॉर एका वर्षाने थांबले. 2022 मध्ये याच मुलींचा पुढचा मागोवा प्रसिद्ध झाला. मुलगी मेंटॉर लाभलेल्यांना इंजिनिअरिंगच्या इंटर्नशिप मिळण्यात आणि विज्ञान-तंत्रज्ञानाची पदवी पूर्ण करण्यात फायदा झालेला दिसला. पुढे पदव्युत्तर शिक्षण घेण्याची त्यांची इच्छाही अधिक होती.

आणि आपल्याकडे पालक बोटांच्या ठशांवरून मेंदूचा कल सांगणाऱ्या डीएमआयटी चाचण्यांवर पैसे घालवतात! ठसे आईच्या पोटातच तयार होतात. पुढे पहिल्या वर्षाला केटी लागल्यावर वर्गात शेजारी कोण बसलेलं असेल, याची त्यांना काय कल्पना? या चाचण्यांना वैज्ञानिक आधार नाही.

मेंटॉरचा हा अभ्यास एका विद्यापीठातला, एका देशातला आहे. आश्रमशाळेतून आलेल्या किंवा घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढणाऱ्या मुलामुलींवर तो जसाच्या तसा लागू होईल, असं गृहीत धरता येणार नाही. इथे तो नव्याने करावा लागेल. पण प्रयोग महागडा नाही. वरच्या वर्गातली मुलं-मुली हॉस्टेलवर आहेतच. त्यांना थोडं प्रशिक्षण द्यायचं, जोड्या चिठ्ठीने लावायच्या आणि पहिली भेट पहिल्या युनिट टेस्टच्या आधी ठरवायची.